ताडपत्रीखालच्या आमदारांना

बाबा, तुम्हाला झाकून ठेवलं आहे, ही पहिली बातमी. दुसरी अशी की झाकणाऱ्यांत मी आहे. आपल्या गावच्या फाट्यावर, जिथे दर्यापूरच्या जीपा सवारीची वाट बघत थांबतात, तिथे तुमचा पूर्णाकृती पुतळा दिवाळीपासून उभा आहे आणि डोक्यापासून बुटांपर्यंत निळ्या ताडपत्रीत गुंडाळलेला आहे. मूर्तिकारानं तुमचा उजवा हात वर केलेला दाखवलाय, तुम्ही सभेत करायचात तसा. उघड्यावर तो हात भव्य दिसला असता. ताडपत्रीखाली मात्र तुम्ही, उत्तर येत नसतानाही हात वर करणाऱ्या विद्यार्थ्यासारखे दिसता. असे विद्यार्थी मला दर वर्षी मिळतात. मी त्यांना शक्यतो विचारत नाही.

"पोरीनं संस्कृत घेतलं, म्हंजे मेलेल्याइशी बोलाची सोय करून ठेवली," असं तुम्ही आल्यागेल्याला सांगायचात आणि लोक हसायचे. तुम्ही आमदार होतात, त्यांना हसावंच लागायचं. अकोल्यात पोरांना तीच भाषा शिकवता शिकवता माझे केस पांढरे झाले, आणि आता खरोखर मेलेल्याशी बोलायला बसले तर कळतंय की त्याला मराठीच लागते. संस्कृतात फार आदर आपोआप येतो. तो मला आज नको आहे.

पुतळ्याची कल्पना तुमच्या त्या बॅगवाल्याची. तुमची बॅग धरता धरता तो मोठा झाला, जिल्हा परिषदेत गेला, आणि आता त्याला तुमच्या जागी विधानसभेत जायचंय. तुमचा पुतळा ही त्याच्या प्रचाराची पहिली सभा. स्मारक समितीचा अध्यक्ष तोच. जागा मात्र आईची. फाट्यावरचा तो तुकडा तुम्हीच आईच्या नावावर केला होता. कशासाठी, ते तुम्हाला ठाऊक, मला ठाऊक आणि तेव्हाच्या तलाठ्याला ठाऊक. आईला तेवढं विचारलं नव्हतं. पुतळा उभा करायला तिनं हो म्हटलं. उघडायला अजून म्हटलेलं नाही, आणि जागामालकीण तुमची पत्नी असल्यामुळे तिला डावलून पडदा ओढायची हिंमत कोणत्याही मंत्र्याची होत नाही. तुम्ही केलेली कोणतीच चलाखी वाया जात नाही, हे मला मान्य केलं पाहिजे.

भांडण सुरू झालं ते चौथऱ्यावरच्या वाक्यावरून. अध्यक्ष अकोल्याला माझ्या घरी आले, पेढ्यांचा डबा टीपॉयवर ठेवला आणि म्हणाले, "ताई, साहेबाचं जे वाक्य हाय ना, 'आधी शेवटचं घर', ते खाली कोराचं हाय. मराठीत तं राहीनच. पन तुमी संस्कृतातबी करून द्या. भारी दिसते." मी त्यांना चहा दिला, पेढा खाल्ला आणि विचारलं, "कोणाचं वाक्य?" ते म्हणाले, "साहेबाचं." मी म्हटलं, "त्याच्याखाली आईचं नाव येत असेल तर संस्कृतच काय, पाहिजे तर पालीतही करून देते." त्यांना वाटलं मी गंमत करतेय. तुमच्याबरोबर राहून त्यांना बायकांचं बोलणं गमतीत घ्यायची सवय लागलेली आहे.

तुम्हाला आईच्या त्या ग्रामसभेचा दिवस आठवत नसणार. मला आठवतो, कारण मी बी.ए.च्या सुट्टीत अमरावतीहून घरी आले होते आणि नवी कोरी खादीची ओढणी मिरवायला जागा शोधत होते. त्याआधी सरपंचपद बाईसाठी राखीव झालेलं. चिठ्ठी निघाली तेव्हा तुम्ही नीट जेवला नव्हतात. मग उपाय सापडला. तो स्वयंपाकघरात भाकरी थापत होता. आईचा अर्ज भरला गेला, पत्रकावर तिचा फोटो छोटा आणि तुमचा मोठा छापला गेला, आणि ती निवडून आली. सव्वीस जानेवारीला झेंड्याची दोरी तुम्ही ओढली आणि सरपंच हळदीकुंकवाचं ताट धरून शेजारी उभी राहिली. शिपाई कागद घेऊन घरी यायचा. आई बेसनाचे हात लुगड्याला पुसून सही करायची आणि विचारायची, "हे कायचं हाय?" शिपाई म्हणायचा, "साहेबाले ठाऊक हाय, काकू." तेव्हा तुम्ही साहेबही नव्हतात. होणार होतात, याचा वास त्याला आधी आला होता.

तर ती ग्रामसभा. पंचायतीच्या ओट्यावर सतरंजी आहे, खाली कडुलिंबाच्या सावलीत माणसं, आणि मागे, उन्हात, ओढ्यापलीकडच्या वस्तीतल्या बायका उभ्या आहेत. आपल्या भागातली जमीन खारी, विहिरींचं पाणी खारं. डाळ शिजत नाही, चहा फाटतो, आणि पोट बिघडलेली माणसं अमरावतीच्या दवाखान्यात खेटे घालतात. त्या वर्षी लांबून गोड पाण्याची पाइपलाइन येणार, असं ठरलेलं आहे आणि नळ कुठून सुरू करायचे यावर सभा बसली आहे. मेंबर म्हणतात, टाकीजवळून, म्हणजे मोठ्या गल्लीतून. मोठ्या गल्लीत मेंबर राहतात. टाकीजवळचं पहिलं घर आपलं. तुम्ही मान हलवता. आणि तेव्हा आई, जिनं सरपंच झाल्यापासून सभेत तोंड उघडलेलं नाही, पदर सावरून उभी राहते आणि म्हणते, "नळ शेवटच्या घरापासून सुरू करा. शेवटच्या घरी पानी पोचलं म्हंजे मधातल्या साऱ्याइले भेटलंच. पयल्या घरापासून सुरू केलं, तं ते पयल्या घरीच राह्यते."

मी पुढे पुष्कळ वाचलं, बाबा. राजधर्मावर, दंडनीतीवर, श्लोकच्या श्लोक. एवढं साधं आणि एवढं खरं वाक्य मला कुठे सापडलं नाही. सभेत मागच्या बायकांतली एक म्हणाली, "बाई, बराबर बोल्ली वो!" आणखी दोघीतिघी बोलू लागल्या. त्या क्षणी तुम्ही आईच्या समोरून माइक उचललात, तुमचं ते रुंद हसू हसलात आणि म्हणालात, "बरं, बरं. आता सरपंचबाईले घरी जाऊ द्या. चुलीवर भाजी करपून राह्यली असन."

लोक हसले. मेंबर हसले, शिपाई हसला, उन्हातल्या बायकांपैकीही एकदोन हसल्या, कारण सगळे हसताना आपण हसलो नाही तर ते दिसतं. आई ओट्यावरून उतरली आणि घरी आली. मी तिच्या मागोमाग. चुलीवर काही नव्हतं. तिनं कोरडी कढई उचलली, पुन्हा ठेवली, आणि मला म्हणाली, "तुह्या वढनीले माती लागली, धुऊन घे." पुढे पंचायतीत ती गेली नाही. सरपंच होती, पण गेली नाही. दोन दिवसांनी तुम्ही दर्यापूरहून प्रेशर कुकर आणलात, खोक्यासकट, आणि तिच्यापुढे ठेवून म्हणालात, "घे. आता काई करपत नाई." ती माफी होती की दुसरा विनोद, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. तिनं कुकर ठेवून घेतला, कारण खाऱ्या पाण्यात डाळ दुसऱ्या कशात शिजत नव्हती. तुमच्यापाशी माणसाला सोयीची वस्तू देऊन गैरसोयीचं उत्तर टाळायची कला होती. पुढे त्या कलेवरच तुमचं राजकारण चाललं.

पुढच्या पावसाळ्यात मी एसटीनं अमरावतीला परत निघाले होते. एका वळणावर कापसाच्या जिनिंगच्या भिंतीवर गेरूनं लिहिलेलं दिसलं: 'आधी शेवटचं घर'. खाली तुमचं नाव, जिल्हा परिषदेचा उमेदवार म्हणून. मला वाटलं, आपण चुकीचं वाचलं. पुढच्या गावात तेच. त्याच्या पुढच्या गावात तेच, शिवाय हात जोडलेलं चित्र. तुम्ही निवडून आलात, बांधकाम सभापती झालात, मग आमदार, मग पुन्हा आमदार. पक्ष बदलले तेव्हा दिवाणखान्यातल्या तसबिरी बदलल्या, खिळे तेच राहिले. तेवढं एक वाक्य तुम्ही कधी बदललं नाहीत. मूर्तिजापूरला ऊस नसलेल्या भागात साखर कारखान्यावर भाषण केलंत तरी शेवट त्यावरच. महिला मेळाव्यात तर तुम्ही सांगायचात की बाईला सत्ता देणारा जिल्ह्यातला पहिला माणूस मी, स्वतःच्या बायकोला सरपंच केलं. आई पहिल्या रांगेत बसलेली असायची. कॅमेरा तिच्याकडे वळायचा आणि ती पदर सारखा करायची.

एकदा आमच्या कॉलेजात वक्तृत्व स्पर्धेत एका मुलीनं ते वाक्य तुमच्या नावानं म्हटलं, फार छान म्हटलं, डोळ्यांत पाणी आणून. परीक्षक मी होते. मी तिला दुसरा क्रमांक दिला. तिचा काही दोष नव्हता. पण तुम्हाला मी त्या दिवशी पहिलं येऊ दिलं नाही, आणि रात्री पोटभर जेवले.

आणि ते पाणी! आमदार झाल्यावर तुम्ही ओढ्यापलीकडच्या वस्तीत नळाचं उद्घाटन केलंत. मी होते. तुम्ही तोटी फिरवलीत, पाणी आलं, टाळ्या झाल्या, पेढे वाटले. वस्तीच्या मागे, बाभळीआड, पाइपाला टँकर जोडलेला होता. दुसऱ्या दिवशी टँकर गेला आणि नळ कोरडा झाला, तो अजून कोरडा आहे. कोनशिला शाबूत आहे. तिला म्हशी अंग घासतात, त्यामुळे तुमचं नाव आता गुळगुळीत झालंय. त्या वस्तीतल्या बायका अजूनही ढकलगाडीवर ड्रम घेऊन आपल्या नळावर येतात, टाकीजवळच्या पहिल्या घरी. आई स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यांना रोज बघते. तुम्ही तिच्या वाक्याचं काय केलंत, हे तिला भाषणातून कळलं नाही, त्या खिडकीतून कळलं.

शेवटी तुम्ही अमरावतीच्या दवाखान्यात पडला होतात. बाहेर माणसांची रांग होती, ती हळूहळू कमी होत गेली, कारण तुम्ही पुन्हा उभे राहणार नाही हे डॉक्टरांच्या आधी कार्यकर्त्यांना कळलं. मला जवळ बोलावून म्हणालात, "माह्यावर संस्कृतात काईतरी लिहजो. चार ओळी. राह्यते मांगं." मी म्हटलं, "बघू." तुमचा शब्द. अर्ध्या मतदारसंघाला तुम्ही तो शब्द दिला होता. 'करू' म्हटलंत तर होणार नाही, 'बघू' म्हटलंत तर विचारूही नका, हे लोकांना पाठ होतं. तुम्हीही ओळखलंत. हसलात. मला वाटतं, मी राजकारणात न गेल्याचं तुम्हाला तेव्हा पहिल्यांदा वाईट वाटलं.

तर अध्यक्षांना मी 'बघू' म्हणत राहिले. मंत्र्यांची तारीख मिळायची, मी आईच्या नावाचं विचारायचे, ते म्हणायचे, "ताई, पुतळा साहेबाचा, अन् वाक्य काकूचं, असं कसं?" आणि तारीख जायची. दिवाळी गेली की थंडीत, थंडी गेली की परीक्षांनंतर. तुमच्या दिवाणखान्यात लोक बसायचे तसे तुम्ही फाट्यावर उभे राहिलात. "साहेब पूजेत हायेत," असं आतून सांगितलं जायचं ना, आणि साहेब आत क्रिकेट बघत असायचे? मला ते ताटकळणारे चेहरे आठवतात. गंमत म्हणजे जीपवाल्यांनी तुमचा थांबाच करून टाकला. "झाकलेल्या साहेबापाशी उतरतो का?" असं विचारतात. मी हे आईला सांगितलं तेव्हा ती फार दिवसांनी मोठ्यानं हसली.

मग निवडणूक जवळ आली आणि अध्यक्ष विरघळले. होळी झाल्यावर समितीतली चार माणसं घेऊन आपल्या घरी आले. मी आलेली होतेच. त्यांनी आईच्या पाया पडून सांगितलं, "काकू, ठरलं. वाक्याच्या खाली तुमचंच नाव येईन. अन् पडद्याची दोरी तुमीच वढाची. मंत्री साहेब बाजूले उभे राह्यतीन." ते माझ्याकडे बघून हसले, झालं ना मनासारखं, अशा अर्थानं. मी जिंकले होते. इतकी वर्षं जपून ठेवलेला सूड तळहातावर आणून ठेवला होता त्यांनी, शाल-श्रीफळासकट.

आई तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही. म्हणाली, "त्या वस्तीत पानी येते का?"

अध्यक्ष म्हणाले, "येईन ना, काकू. प्रस्ताव गेला हाय."

"येते का, विचारलं म्या."

खिडकीबाहेर ड्रम भरण्याचा आवाज येत होता, तो सगळ्यांना ऐकू येत होता.

"मंग झाकूनच राहू द्या त्यायले," आई म्हणाली. "नाव मले नोको. नाव टाकून काय पानी येते? ज्या दिवशी शेवटच्या घरच्या नळाले पानी येईन, त्या दिवशी वढतो मी दोरी. मंत्री असो, नसो. अन् टँकर लावसान, तं मले ठाऊक हाय बाभूळ कुठी हाय."

अध्यक्षांनी माझ्याकडे बघितलं. मी तांदळातला खडा काढून दाराबाहेर टाकला. एक जण दबकत म्हणाला, "काकू, लोक हासून राह्यले ना पन साहेबाले."

"हासू द्या," आई म्हणाली. "आमच्यावर हासले तेव्हा साहेब माइक धरून उभे होते."

बाबा, इतकी वर्षं मला वाटत होतं की ती विसरली. सूड मी तिच्या वतीनं बाळगून आहे, असं मी मानत होते, आणि माझा सूड बघा कसा मास्तरणीचा: वाक्याखाली योग्य नाव घाला! तिला नाव नकोच होतं. तिला ते वाक्य खरं करून हवं होतं, आणि तोवर तुम्हाला उन्हात उभं करायची तिची तयारी होती.

आता पुढचं ऐका, हे तुम्हाला जास्त झोंबेल. अध्यक्षांना तिकीट हवंय, तिकिटासाठी सभा हवी, सभेसाठी पुतळा उघडायला हवा, आणि पुतळ्यासाठी पाणी. त्यामुळे चैत्रात वस्तीकडे खरोखर खोदकाम सुरू झालं. ओढ्यावरून नवीन पाइप टाकलाय, जाड. एक छोटी टाकीही बांधतायत, कारण वस्ती चढावर आहे हे त्यांच्या अचानक लक्षात आलं. अध्यक्ष रोज फोन करतात, "काकू, ओढा वलांडला." "काकू, पयल्या चार घरी आलं." आई म्हणते, "पयल्या घराचं नोको सांगू. शेवटचं सांग." दोन वेळा आमदार असताना तुम्ही जे केलं नाहीत ते आता, तोंड झाकलेलं असताना, तुमच्याकडून होतंय. तुमच्या कारकिर्दीतलं हे सर्वांत उपयोगी काम आणि त्यासाठी तुम्हाला एक शब्दही बोलावा लागलेला नाही. पूर्वीच कोणी सुचवायला हवं होतं.

शेवटच्या घरी मात्र अजून आलेलं नाही. शेवटचं घर एका म्हातारीचं आहे. सभेत 'बराबर बोल्ली वो' म्हणाली होती, तीच. मी गेले तर अंगणातली कोरडी तोटी दाखवून म्हणाली, "तुया बापाले सांग, मी बी उभीच हाओ."

सांगितलं.

हे पत्र चौथऱ्यावर दगडाखाली ठेवून यायचा विचार होता. म्हणून काल दुपारी फाट्यावर गेले. दर्यापूरचे मंडपवाले चाचा तिथे आले होते. तुमच्या प्रत्येक सभेचा मांडव ज्यांनी बांधला तेच. आता त्यांची दाढी पांढरी झाली आहे. ताडपत्री उन्हानं विरून खांद्याजवळ फाटली होती, ती बदलायला अध्यक्षांनी बोलावलं होतं. आतून तुमचा कान आणि थोडी मान दिसत होती. चाचा म्हणाले, "बाई, और कितने दिन? साहब को अंदर गर्मी हो रही होंगी." मी म्हटलं, "होऊ द्या, चाचा. साहेबांनी पुष्कळांना उन्हात उभं केलंय." ते हसले आणि शिडीवर चढले. मी खाली दोरी धरून उभी राहिले. हात लावला तर चौथरा तव्यासारखा तापला होता. फाटक्यातून दिसणारी तुमची मान काळी पडल्यासारखी वाटली, किंवा मूर्तिकारानं रंग तसाच दिला असेल.

पत्र पर्समध्येच राहिलं. ते ठेवायला जागा नव्हती असं नाही, दगडही होता.

संध्याकाळी घरी आले तेव्हा आई दारातच होती. तिला कोणीतरी आधीच सांगितलं होतं. "ताडपत्री दुपदरी काहून बांधाले लावली तू?" म्हणाली. "एक फाटली, तं एक बांधाची."

मी म्हटलं, "वाऱ्यासाठी."

बाबा, वारा नव्हता. ऊन होतं.